पेटी उघडावी की तशीच ठेवावी?

प्रश्न : आतेभावाने मला १९९० सालच्या मार्व्हल युनिव्हर्स कार्डांची (कॉमिकमधल्या सुपरहिरोंची चित्रे असलेली, संग्रहासाठीची कार्डे) सीलबंद पेटी दिली आहे. ती उघडावी का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : इम्पेल कंपनीच्या या पेटीत ३६ पाकिटे आणि प्रत्येकात १२ कार्डे असतात, त्यांतून १६२ कार्डांचा मूळ संच बहुधा जुळतो, परंतु ही कार्डे भरमसाट छापली गेल्याने सुट्या कार्डांना फारसा भाव येत नाही, खरा शोध पाच होलोग्रामांचाच (उठावदार भासणाऱ्या चित्राची चमकदार खास कार्डे) असतो. विकायची असल्यास सील मोडू नका. पाहण्याचा आनंद हवा असेल तर जरूर उघडा, मात्र मुंबईचा पावसाळा सरू द्या, कारण दमट हवेत चिकटलेली कार्डे ओढताना शाई निघते. कार्ड कोरड्या हाताने कडेला धरून दिव्याखाली तिरके करा, म्हणजे होलोग्रामवरचे बारीक ओरखडे आणि पांढरे पडलेले कोपरे लगेच दिसतील.