वडिलांची ११ वर्षं बंद असलेली चेतक पुन्हा चालू होईल का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं : वडिलांची १९९४ची बजाज चेतक स्कूटर ११ वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. किक अर्ध्यावर अडकते. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल, आणि शेजारी म्हणतात दुसरा गिअर टाकून ढकला, होईल चालू.

होईल चालू, हे माझंही मत आहे. पण कळकळीनं सांगतो, ढकलू नका.

आमच्या काकांची चेतक साताऱ्याला घराच्या ओसरीशेजारी नऊ वर्षं उभी होती. आम्ही तिघांनी ती उतारावरून ढकलली आणि ती खरंच सुरू झाली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी मी ती यवतेश्वरच्या चढावर नेली आणि अर्ध्या चढात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. खोलल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागला. ज्यामुळे हे झालं तो भाग म्हणजे रबराचं एक साधं ऑईल सील.

ते कसं, हे आधी समजून घ्या, म्हणजे तुमच्या मेकॅनिकवर विनाकारण संशय येणार नाही. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पिस्टन, रिंगा आणि क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. क्रँकच्या दोन्ही टोकांना सीलं असतात आणि आतली पोकळी हवाबंद असेल तरच मिश्रण नीट ओढलं जातं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ही सीलं वाळून कडक होतात. मॅग्नेटोकडचं, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या फिरत्या चक्राकडचं, सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी म्हणून तेलही कमी, आणि इंजिन भयंकर तापतं. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअर ऑईल ओढून जाळतं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअर बॉक्स मात्र कोरडा पडत जातो. म्हणून ११ वर्षांनंतर रस्त्यावर काढण्याआधी दोन्ही सीलं बदलाच. सीलं स्वस्त असतात, पण त्यासाठी इंजिन खाली उतरवून दोन भागांत खोलावं लागतं. मेकॅनिक म्हणतो ते हेच.

तरीही खोलण्याआधी काही गोष्टी तुम्ही घरी करून बघा. त्यातून इंजिनाची आतली अवस्था कळते.

किकला पाय लावू नका. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. उजवीकडचं कव्हर काढा, स्पार्क प्लग काढा. प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑईल (पेट्रोलमध्ये मिसळतात तेच तेल) सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मॅग्नेटोचा पंखा हातानं हळूहळू मागेपुढे हलवा. हलला तर पूर्ण फेरे मारा. नाही हलला तर रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या आहेत. मग थोडं डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आत मारायचा आणि रोज जरासं हलवून बघायचं. आठवडा लागला तरी लागू द्या. अशा वेळी किकवर उभं राहिलं की रिंग तुटते किंवा किकचे दाते जातात. ढकलण्यातही धोका तोच, फक्त जोर कित्येक पट.

इंजिन मोकळं झालं की टाकीकडे वळा. झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो. ते सगळं काढून टाका. पेट्रोल उडून जातं, त्यातलं तेल आणि चिकट राळ मागे राहते, तीच कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, घट्ट बसते. टाकीत गंज असेल तर आमच्याकडचा उपाय चिंचेच्या पाण्याचा. टाकी उतरवून ते दोन दिवस भरून ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं आणि साध्या पाण्यानं धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि लगेच तेल मिसळलेलं पेट्रोल आतून फिरवलं. हे शेवटचं विसरलात तर पुन्हा गंज चढतो. पेट्रोल कॉक आणि नळी नवीनच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबराला सोसत नाही.

कार्बुरेटर पूर्ण खोलून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेच्या प्रेशरनं उडवा. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं मी स्वतः काढलं आहे.

स्पार्क बघायला नवा प्लग टोपीत बसवून इंजिनच्या धातूला टेकवा आणि पंखा जोरात फिरवा किंवा किक मारा. पेट्रोलची बाटली दूर ठेवा. ठिणगी निळी हवी. अजिबात नसेल तर लगेच कॉइल विकत आणू नका. इंजिन बंद करायच्या स्विचची वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली असेल तरी ठिणगी मरते, आणि उंदरांना या वायरी फार आवडतात. गाडीत पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) असतील तर पॉलिश पेपरनं हलकेच घासा.

मग गिअर ऑईल बदला, साधारण पाव लीटर लागतं. एक लीटर पेट्रोलमध्ये नेहमी २० मिली टू-टी ऑईल घालतात, या पहिल्या लीटरला ३० घाला. चोक ओढा आणि आता किक. सुरुवातीला भरपूर धूर येईल, ते आत ओतलेलं तेल आहे. दोन मिनिटं जागेवरच चालू ठेवा आणि ऐका. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही आवाज चढतच गेला तर हवा शिरते आहे. घाबरू नका, चौथा गिअर टाकून मागचा ब्रेक दाबा आणि क्लच सोडा, बंद पडेल. पाच-सात मिनिटांनंतरही पांढरा धूर तसाच असेल तर क्लचकडचं सील गेलं आहे. सुदैवानं यातलं काहीच दिसलं नाही तरी सीलं बदलल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

टायर कितीही चांगले दिसले तरी फेकून द्या. रबराला भेगा असतातच आणि या छोट्या चाकांवर टायर फुटला की गाडी सावरत नाही. ब्रेक आणि क्लचच्या केबलीही नव्या.

कागदांचं काम याच काळात सुरू करा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. शिवाय विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हवी. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नसतील तर आधी वारसा हस्तांतर करावं लागेल.

प्लग काढून, तेल सोडून पंखा फिरतो का, एवढं या रविवारी बघा आणि इथेच कळवा. अडकला असेल तर कितपत हलतो तेही लिहा, पुढचं सांगतो.