एफडी मोडू नका, ऑसिलोस्कोप थांबेल

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ राहतो. आयटीआय केलंय, सावंतवाडीला एका दुकानात १७ हजारांवर आहे. संध्याकाळी घरी इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनचे सर्किट बोर्ड दुरुस्त करायचे आहेत. सामानाची यादी ७२ हजारांची झाली. १ लाख १० हजारांची एफडी मोडू की बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवू?

उत्तर: दोन्ही नको.

कामाला माझा विरोध नाही. खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवा कळंक चढतो, पावसाळ्यात मुंग्या-पाली आत शिरून शॉर्ट करतात, वळवाच्या विजेने इन्व्हर्टर जातात. तुमच्या किनाऱ्यावर हे काम तुटणार नाही. हरकत आहे ती यादीला.

तुमचेच आकडे घेऊ. महिन्याला ९ बोर्ड, ६०० रुपयांप्रमाणे ५,४००. सुटे भाग, फुकट गेलेली मेहनत यांचे १,४०० वजा केले की हातात ४ हजार. म्हणजे ७२ हजार सुटायला दीड वर्ष! यादीतून ३२ हजारांचा ऑसिलोस्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र), १४ हजारांचा मायक्रोस्कोप आणि ८ हजारांचं हॉट एअर (गरम हवेने भाग सोडवणारं यंत्र) बाजूला काढा. उरतात १८ हजार, ते साडेचार महिन्यांत सुटतात. या बोर्डांत बहुतेकदा फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), चिकटलेली रिले, शॉर्ट झालेला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) नाहीतर ड्राय सोल्डर (सुटा पडलेला सोल्डरचा जोड) निघतो. त्याला टेंपरेचर कंट्रोलचं सोल्डरिंग स्टेशन, सोल्डर पंप, विक (जुनं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) आणि मल्टिमीटर पुरतात.

मल्टिमीटरवर मात्र पैसे वाचवू नका. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी बसतं, आणि स्विच बंद केल्यावरही ते काही वेळ राहतं; ते मीटरनेच कळतं. सिरीज बल्ब, म्हणजे बोर्डाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब, घरीच बांधा: होल्डर, सॉकेट, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि नुकताच बसवलेला मॉसफेट वाचतो.

फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन), सोल्डर पेस्ट घाऊक घेतली की स्वस्त पडते, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा डबा फार टिकत नाही आणि सोल्डर पेस्टला फ्रीज लागतो. लहान डबी घ्या. बोर्ड पुसायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सुद्धा लहान बाटलीत. वॉशिंग मशीनचे बरेच बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेले असतात, ते कोरून काढण्यातच संध्याकाळ जाते. त्याला ६०० नका घेऊ, दर वेगळा ठेवा आणि बोर्ड हातात घेण्याआधीच सांगा.

आता पैसे. घरखर्च महिन्याला २२ हजार, म्हणजे ती एफडी पाच महिन्यांची शिदोरी आहे. वहिनींचा दागिना तर याच्यासाठी नकोच: गोल्ड लोनचं व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, गिऱ्हाईक मात्र पहिल्या दिवशी येत नाही. तुमची २४ हजारांची आरडी पुढच्या महिन्यात पिकतेय, १८ हजार त्यातूनच काढा. तोवर धीर धरवत नसेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून उचल, घ्या. बहुतेक बँकांत एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, पण एफडी शाबूत राहते. आरडी आली की लगेच फेडून टाका. दुकानातली नोकरी इतक्यात सोडू नका.

एक वही ठेवा. कोणता बोर्ड न सुधारता परत दिला आणि का, एवढंच लिहा. हॉट एअर नाही म्हणून महिन्याला तीन-चार बोर्ड परत जात असतील, तर ८ हजार तिथे घाला, आणि तेही बोर्डांच्या कमाईतून.