सगळ्यांचे ग्रुप झाले, मीच उरले

कॉलेजातली पहिल्या वर्षाची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागतात ती साधारण तिसऱ्या महिन्यात. सुरुवातीची धांदल ओसरलेली असते, वर्गात कोण कुणाशेजारी बसणार हे न बोलता ठरून गेलेलं असतं. तीही तेव्हाच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, सगळ्यांचे ग्रुप झाले, मीच उरले. माझ्यातच काहीतरी कमी असणार."

आधी झोप, जेवण, जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट विचारून घेतलं. कुणी टिंगल करतं का, मुद्दाम बाजूला ठेवतं का, हेही. तसं असतं तर सुधारणा मुलीत नाही, कॉलेजात करावी लागली असती. तसं काही नव्हतं.

मग चूक मी केली. "नाट्यमंडळात जा, चार माणसं भेटतील," असं सांगून मोकळी झाले. ती बिचारी गेली. तिथे तासभर भिंतीला टेकून उभी राहिली आणि आधीपेक्षा जास्त खचून परत आली. एकटं पडलेलं मन नकाराच्या खुणाच शोधत असतं. त्याला अनोळखी गर्दीत ढकललं की खुणा हव्या तेवढ्या सापडतात.

दुसऱ्या भेटीत आम्ही वही काढून हिशेब मांडला. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाला आढळलं होतं की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास सोबत घालवावे लागतात, आणि जवळच्या मैत्रीला 200 च्या वर. हे आकडे काही मोजपट्टी नव्हेत, पण अंदाजाला पुरतात. मी तिला विचारलं, कॉलेजात एकाच व्यक्तीसोबत तुझे सर्वांत जास्त तास किती? लेक्चर ऐकण्यात गेलेला वेळ धरू दिला नाही. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं: प्रॅक्टिकलमधली जोडीदार, अडीच तास. एरवी तास संपला की ती थेट खोलीवर, आणि फोनवर शाळेतल्या मैत्रिणी. त्या मैत्रिणी दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या. ते तास कुणी मोजले नव्हते, म्हणून ती मैत्री आपोआप झाली असं तिला वाटत होतं.

"मॅडम, म्हणजे मी तिथे नसतेच की!"

यावेळी मी 'बोलकी हो' असं सांगितलं नाही. रोज त्याच बाकावर बस, तास संपल्यावर दहा मिनिटं थांब, एवढंच. 1992 च्या एका प्रयोगात चार तरुणींपैकी तिघी एका वर्गात कुणी कमी, कुणी जास्त वेळा येऊन नुसत्या बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत; चौथी आलीच नाही. तरी जी जास्त वेळा दिसली ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. शिवाय बॅचची जर्नल्स गोळा करायचं काम तिने सरांकडून मागून घेतलं. हातात काम असलं की थांबायला कारण मिळतं, आणि लोक स्वतःहून शोधत येतात.

सत्र संपताना ती भेटायला आली, तीही उशिरा. कुणाचं तरी जर्नल सापडत नव्हतं. जोडीदारासोबतचे तास 19 झाले होते. "मैत्रीण म्हणता येणार नाही अजून. पण काल तिने माझी जागा धरून ठेवली होती." जाताना दारातून वळून म्हणाली, "नाट्यमंडळात मात्र मी परत जाणार नाही हं."

नको जाऊस, म्हटलं.