गाडी घाट चढेना आणि सिबिल वर येईना

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सिन्नरला राहतो. मी मुसळगाव एमआयडीसीत कामाला आहे, हातात २७ हजार येतात, मिसेस नाशिकरोडला एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिला २५ मिळतात. तिची सेकंड शिफ्ट असली की सुटायला साडेनऊ-दहा वाजतात आणि त्यावेळी एसटीचा काही भरवसा नसतो म्हणून मीच गाडी घेऊन आणायला जातो. गाडी २०१२च्या सुरुवातीची, पेट्रोलची, नंतर बाहेरून सीएनजी बसवलेली. पावसाळ्यापासून ती येताना मोहदरी घाटात गरम होते, दोनदा तर घाटातच बसली, एकदा टोचन लावून आणली आणि एकदा रात्री अकरा वाजता आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला इंजिन थंड व्हायची वाट बघत उभे. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय, इंजिनच बांधून घ्या, ४० हजार धरून चला. गाडी विकली तरी तेवढेच येतील!

कर्जाचं असं आहे की एक पर्सनल लोन आहे, हप्ता ७,२००, अजून दोन वर्षं बाकी. क्रेडिट कार्डाचे ६४ हजार थकलेत, दर महिन्याला मिनिमम ३,२०० भरतो पण आकडा जागचा हलत नाही. २०२३ मध्ये एका ॲपचे २२ हजार फिटेनात म्हणून १४ हजारांत सेटलमेंट केली, तेव्हा वाटलं सुटलो. आता सिबिल ६११ दाखवतंय, बँकेने फाइलसुद्धा उघडली नाही. जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे ४ लाखांची गाडी बघितलीय, तो म्हणतो तुमची गाडी ४० हजारांत घेतो, ६० हजार रोख द्या, उरलेल्या ३ लाखांचं फायनान्स करून देतो, सिबिल बघणार नाही, १२ टक्के व्याज, ३ वर्षं. ६० हजार संक्रांतीला भिशीचे मिळणार आहेत. घेऊ का? की मिसेसच्या नावावर लोन काढू, तिचं सिबिल ७६० आहे?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : दादा, डीलरची ऑफर घेऊ नका. आता का ते सांगते, कारण नुसतं नको म्हटल्याने रात्री दहा वाजता वहिनींना घरी आणायचा प्रश्न सुटत नाही.

खरी गोम त्या १२ टक्क्यांत आहे. त्याला विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? तो बहुतेक विषय बदलेल. फ्लॅट म्हणजे तीनही वर्षं पूर्ण ३ लाखांवर व्याज लावतात, तुम्ही मुद्दल फेडत आणलं तरी. ३ लाखांवर वर्षाला ३६ हजार, तीन वर्षांचे १ लाख ८ हजार, म्हणजे हप्ता पडतो ११,३३३. तेच १२ टक्के रिड्यूसिंग, म्हणजे घटत्या शिलकीवर असते तर हप्ता दहा हजारांच्या आत बसला असता आणि एकूण व्याज साधारण ५९ हजार झालं असतं. म्हणजे बँकेच्या भाषेत डीलरचे हे १२ टक्के २१च्या वर जातात, शिवाय फाइल चार्ज, विमा आणि 'प्रोसेसिंग' वेगळंच. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने असल्या कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहावाच लागतो. तो कागद सही करायच्या आधी मागा, नंतर नाही.

आणि 'सिबिल बघणार नाही' यावर तर मुळीच जाऊ नका. बघतात हो, बघूनच तर दर लावतात. अशा ठिकाणी बऱ्याचदा एकच फाइल चार-पाच फायनान्सवाल्यांकडे फिरवतात आणि प्रत्येकाने चौकशी केली की तुमच्या रिपोर्टवर एकेक नोंद पडते, स्कोअर आणखी खाली.

आता घरचा हिशोब. ७,२०० अधिक ३,२०० अधिक ११,३३३, झाले २१,७३३, म्हणजे दोघांच्या पगारातले ४२ टक्के नुसते हप्त्यांत. त्यात एक महिना ओव्हरटाइम नाही मिळाला किंवा घरात कुणी आजारी पडलं की पहिला हप्ता गाडीचाच चुकणार, आणि गाडी ओढून नेली की भिशीचे ६० हजारही गेले आणि जुनी गाडीपण गेली.

मग गाडीचं काय? आधी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा, पहिल्याने काय सांगितलं ते न सांगता. गाडी फक्त घाटात गरम होते आणि सपाट रस्त्यावर ठीक चालते तर कारण अगदी साधंही असू शकतं, रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होत नाही, थर्मोस्टॅट अडकलाय, वॉटर पंप गळतोय, किंवा रेडिएटर आतून चोक झालाय. आपल्याकडे कूलंटच्या जागी सर्रास बोअरचं पाणी ओतलं जातं, त्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, हे फार कॉमन आहे. (प्रत्येक गॅरेजबाहेर ती बिसलेरीची बाटली भरून ठेवलेली असते ना, तेच ते पाणी.) गॅस्केट खरंच गेलं असेल तर खुणा दिसतात, ऑइलची डिपस्टिक काढली की चहाच्या सायीसारखा फेस दिसतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ते बघताना इंजिन गार असू द्या, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं. आणि समजा गॅस्केटच गेलंय, तरी गॅस्केट बदलणं आणि हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घेणं हे पूर्ण इंजिन बांधण्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. ४० हजार कशाकशाचे ते कागदावर लिहून मागा. लिहून मागितलं की आकडा खाली येतो, हा माझा अनुभव आहे.

२० हजारांत काम होत असेल तर करून घ्या. तुमच्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं २०२७च्या सुरुवातीला भरतील, त्यानंतर आरटीओत पासिंग, फी आणि पर्यावरण कर असं सगळं आलं, त्यामुळे मी तिला त्यापुढे ओढत बसणार नाही. पण तोवरचं वर्ष-सव्वा वर्ष मिळतंय की, महिन्याला दीड हजाराच्या आसपास पडतं ते. ११,३३३ कुठे आणि दीड हजार कुठे! दुरुस्तीत गाडी चार-आठ दिवस गॅरेजला राहील तेवढे दिवस वहिनींनी फर्स्ट शिफ्ट मागून घ्यावी, हॉस्पिटलमध्ये आपसात अदलाबदल चालते. गॅरेजवाला भिशीपर्यंत पैशासाठी थांबत असेल तर उत्तमच, नाहीतर संक्रांतीपर्यंत घाट जपून.

भिशीतले २० गाडीला गेले, उरले ४०. त्यातले ८ हजार त्या ॲपवाल्या कंपनीला द्यायचे. हो, परत द्यायचे. सेटलमेंट केली की कंपनीने ८ हजार सोडले असं आपल्याला वाटतं, पण रिपोर्टवर 'सेटल्ड' शिक्का बसतो आणि बँकवाला तो 'बुडवले' असाच वाचतो, तुमच्या ६११ मागे हे मोठं कारण असणार. आधी कंपनीला ईमेल टाका की उरलेली रक्कम भरायला तयार आहे, त्यानंतर खातं 'क्लोज्ड' दाखवून नो ड्यूज सर्टिफिकेट द्याल का, आणि लेखी हो आल्याशिवाय पैसे टाकू नका, फोनवर एजंट काहीही कबूल करतो.

राहिलेले ३२ हजार सरळ कार्डात. तुमचा आकडा का हलत नाही ते बघा, साडेतीन टक्के महिना धरला तर ६४ हजारांवर व्याज २,२४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २,६४० नुसते जळतात, तुम्ही भरता ३,२००. त्यात कार्डावर किराणा घेतला की संपलंच, कारण थकबाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. ३२ हजार एकदम भरले आणि मग महिन्याला ५ हजार टाकले तर आठ महिन्यांत कार्ड शून्यावर येतं. बँकेला फोन करून उरलेल्या रकमेचा ईएमआय करून मागा, बऱ्याचदा व्याज कमी लागतं. घरात थोडं सोनं असेल तर बँकेत त्यावर कर्ज काढून कार्ड मिटवणं हाही चांगला मार्ग आहे, सोन्याच्या कर्जाचा दर कार्डापेक्षा फारच कमी असतो, फक्त मग कार्ड पाकिटात नाही, कपाटात पाहिजे. नाहीतर सोनंही अडकतं आणि कार्डही पुन्हा भरतं.

कार्ड मिटलं की ते ५ हजार महिना गाडीसाठी वेगळे टाका. २०२७ उजाडेपर्यंत थोडी रोख हाताशी असेल आणि स्कोअरही सुधारलेला असेल, मग डीलरच्या नाही, तुमच्या अटींवर गाडी बघा.

सिबिलचा पूर्ण रिपोर्टही काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि फक्त सिबिलचा नाही, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या असेच स्कोअर काढणाऱ्या बाकीच्या कंपन्यांचाही. नुसता आकडा बघून काही कळत नाही, खाली एकेक खातं वाचा. फेडलेलं कर्ज चालू दाखवणं, न घेतलेलं कर्ज नावावर असणं असले घोळ सापडतात. तक्रार केली की ३० दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी या कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागते, त्यामुळे कार्ड मिटवल्याचा परिणाम दिसायला आता पूर्वीइतकं थांबावं लागत नाही.

वहिनींच्या नावावर लोनचं म्हणाल तर आत्ता नको. तुमच्या घरात एकच चांगला स्कोअर आहे, तो उद्या पोरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला, घराला लागेल. हप्ता फेडणार तुम्ही, चुकला तर खराब होणार त्यांचं नाव, आणि मग दोघांपैकी कुणालाच बँक उभं करणार नाही. त्यांनी स्वतः हिशोब बघून ठरवलं तर वेगळं, पण पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही म्हणून हे लिहिलं.

एकच अडचण राहते, दुसऱ्या मेकॅनिकनेही इंजिन गेलं म्हटलं तर? मग त्या गाडीवर रुपया घालू नका, आहे तशी विका, आणि हे ६० अधिक तिचे जे येतील ते, एवढ्यात ओळखीतली सव्वा लाखाच्या आसपासची गाडी शोधा. थोडे कमी पडले तर, फक्त तेव्हाच, वहिनींच्या नावावर ३०-४० हजारांचं छोटं कर्ज, वर्षात फिटेल असं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, नव्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही उतरतो, तेव्हा जुन्या गाडीचा भाव करताना लाजू नका. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा, थकलेले चलन आणि आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. सीएनजी असेल तर ते आरसीवर चढवलंय का आणि टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सोसते का याची तपासणी) झालीय का विचारा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते.

प्रश्न : मी आठ महिन्यांपूर्वी जुनी गाडी एका एजंटला विकली, पैसे मिळाले, पण अजून माझ्याच मोबाइलवर चलनाचे मेसेज येतात. एजंट म्हणतो नावावर होईल, टेन्शन घेऊ नका. घ्यावं का टेन्शन?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : घ्या, आणि आजच घ्या. आरसीवर नाव आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताची भरपाई ज्याच्या नावावर नोंदणी त्याच्याकडे मागता येते. चलन हा किरकोळ भाग आहे, त्या गाडीचा विमा संपलेला असेल आणि कुणाला धडक बसली तर काय होईल तो विचार करा.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं असतं, ते राहिलं असेल तर आता कळवा. विक्रीची पावती, पैसे आल्याचं बँक स्टेटमेंट आणि ताबा दिल्याची तारीख जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या, पोचशिक्का घ्या, एक प्रत एजंटला रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि गाडी आत्ता कुणाकडे आहे ते लेखी विचारा. विकल्याच्या तारखेनंतरच्या चलनांवर ऑनलाइन तक्रार टाका, हेच कागद जोडून. एजंटने उत्तर दिलं नाही तर पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज देऊन ठेवा.

पुढच्या वेळी डीलरला गाडी देताना तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर आहे का बघा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर केली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. सिन्नरच्या दादांनीही जुनी गाडी देताना हे बघावं, आणि सह्या केलेले कोरे फॉर्म कुणाच्याही हातात देऊ नयेत.