एअर सस्पेन्शनची जुनी गाडी रात्रीतून खाली बसते आणि सकाळी स्टार्टही होत नाही. दोन्हींचं कारण एकच असेल का?

हो, बऱ्याचदा एकच असतं: एअर स्प्रिंगमधली, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या हवेच्या रबरी फुग्यांमधली गळती. गेलेली हवा भरायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही, आणि जुनी बॅटरी त्यात उतरते. आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवेत, १२.२ च्या खाली असतील तर बॅटरी चार्ज करून घ्या. मग स्प्रिंगच्या रबराच्या घड्यांवर आणि पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे गळती. ती तशीच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलू नका, नवाही जळेल. मात्र बॅटरी भरलेली असूनही नुसतं ‘टक’ वाजत असेल, तर दोष वेगळा: टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर तपासा. आणि कृपा करून, जॅक स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. हवा सुटली की ती एकदम खाली येते.