मशीन एम्ब्रॉयडरीत डिझाइनसोबत सुचवलेलेच दोऱ्याचे रंग वापरावे लागतात का?

नाही, रंग तुमच्या आवडीने खुशाल बदला. टाके तेच राहतात. डीएसटी (DST) या प्रकारच्या डिझाइन फाइलमध्ये तर खरे रंग साठवलेलेच नसतात, फक्त ‘इथे थांबून दोरा बदला’ एवढी सूचना असते. म्हणूनच ती उघडल्यावर स्क्रीनवर कधी कधी भलतेच रंग दिसतात. पीईएस (PES) या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रंग असतात, पण सुईत कोणत्या रंगाचा दोरा ओवलाय हे मशीन तपासत नाही. जपायची ती फिक्या-गडद छटांची उतरंड. पाकळीत तीन छटा असतील तर गुलाबीऐवजी जांभळ्या घ्या, मात्र सर्वांत गडद छटा सावलीच्याच जागी राहू द्या, नाहीतर फूल सपाट दिसतं. आणि रंग नुसता रिळावर बघून ठरवू नका! दोऱ्याचे चार-पाच पदर त्याच कापडावर पसरून दिवसाच्या उजेडात पाहा. रेयॉन आणि पॉलिएस्टर दोऱ्यांना चमक असते, त्यामुळे टाक्यांची दिशा बदलली की तोच रंग उजळ किंवा गडद वाटतो. गडद कापडावर फिका दोरा घेणार असाल तर आधी तुकड्यावर भरून बघा. विरळ टाक्यांतून खालचा रंग डोकावतो.