इन्चार्ज झालीस, पण कशाची?

प्रिय मुली,

तुला वॉर्डची इन्चार्ज नर्स केलंय, पण कामाचा कागद हातात दिलेला नाही. मेट्रन एक सांगतात, डॉक्टर दुसरंच, आणि स्टोअरवाला तुझ्या सहीशिवाय सलाइन सोडत नाही. "लेखी मागितलं तर राग येईल का?" असं विचारतेस. येईल. तरी माग.

आणि मिळाला की फाइलला लावून मोकळी होऊ नकोस, वाच. 'क्रॅश कार्ट सज्ज ठेवणे', म्हणजे तातडीच्या औषधांची नि उपकरणांची ढकलगाडी तयार ठेवणे, एवढंच लिहिलं असेल तर ते कुणाचंच काम नाही असं समज. दर पाळीला सील कोण बघणार? त्यावरचा नंबर वहीत कोण उतरवणार? घशात नळी घालताना आत बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे कोण पाहणार? कार्ट वापरल्यावर पुन्हा कोण भरणार? आणि मुदत संपत आलेलं औषध बदलून मागवायचा अधिकार कुणाचा? खरी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे. जबाबदारीच्या शेजारी अधिकार लिहिलेला हवा. नसेल तर सही करू नकोस.

'वरिष्ठ सांगतील ती इतर कामे' ही ओळ असणारच. ती काढून घ्यायला मी आयुष्यभर भांडले, निघाली नाही. निदान पुढे 'प्रशिक्षण व नोंदणीच्या कक्षेतील' एवढं जोडून घे. कक्षेबाहेरचं काम तोंडी सांगणारे चौकशीच्या दिवशी नेमके रजेवर असतात.

तूही कामं वाटशील. परिचराला ताप मोजायला सांग; त्या आकड्याचं काय करायचं हे तूच ठरवायचं. काम सोपवलं म्हणून जबाबदारी गेली असं होत नाही.

मला 'कागदी बाई' म्हणायचे. अगं, जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगितली आहे ना, हे तपासायचं असतं. तिथे ते चालतं, आणि मी विचारलं की हट्टी? या हट्टापायी माझी बढती अडली. त्याचं अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्याने केलेल्या घोळाचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नाही.

उद्याच अर्ज दे. जबाबदारी आणि अधिकार, दोन्ही माग. आवक क्रमांकासह पोच घे. 'बघू' म्हणाले तर तेही त्याच दिवशी लिहून कळव. अर्जाचा मसुदा जमत नसेल तर मला पाठव, पण आधी स्वतः लिही.